जातो की जावे?

'द कमिटी रेकमेंड्स दॅट द हेडमास्टर अपॉलोजाइझेस टु द पेरेंट्स.' सराव परीक्षेत शाळा समितीच्या सभेचा ठराव इंग्रजीत लिहायला सांगितला होता. वर्गातल्या बहुतेकांनी हेच किंवा याच्याच जातीचं वाक्य लिहिलं आहे. आता ते मराठीत म्हणून पाहा. 'समिती शिफारस करते की मुख्याध्यापक पालकांची माफी मागतात.' ऐकवतं का? तिसरीतलं पोरगंसुद्धा 'माफी मागावी' म्हणेल. मराठीत जी चूक तुमच्या हातून झोपेतही होणार नाही, ती इंग्रजीत तुम्ही टक्क जागेपणी केली आहे.

मला राग कशाचा आला ते नीट ऐका. चुका होतात, त्या दुरुस्त करायलाच मी इथे आहे. पण पेपर परत देताना मी कारण विचारलं, तर उत्तर आलं, 'मॅडम, ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लावायचा.' हा नियम तुम्ही प्राथमिक शाळेत शिकलात आणि तिथेच थांबलात. तुम्ही बी.एड.ला आहात, इंग्रजी ही तुमची मेथड आहे, येत्या जूनमध्ये तुमच्यापैकी कित्येक जण स्वतःच्या वर्गासमोर उभे राहणार आहात. वाक्य लिहिताना आपण घडलेली गोष्ट सांगतोय की घडावी अशी गोष्ट सांगतोय, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. राग त्याचा आहे.

क्रियापदाचे काळ तुम्हाला तोंडपाठ आहेत. क्रियापदाचे अर्थ कुठे गेले? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत मराठीच्या तासाला हे चारही पाठ केलेत, परीक्षेत लिहिलेत, मार्क घेतलेत आणि विसरलात. 'तो जातो' यात बातमी आहे. 'त्याने जावे' यात बोलणाऱ्याची इच्छा आहे, किंवा दुसऱ्यावर टाकलेलं कर्तव्य आहे. तो प्रत्यक्षात जातो की नाही याबद्दल वाक्य चकार शब्द काढत नाही. 'तो गेला असता तर' यात तो गेलेला नाही हे गृहीतच आहे. ही समज घेऊन तुम्ही मोठे झाला आहात. इंग्रजीचा सब्जंक्टिव्ह मूड हा याच समजेचा भाग आहे. त्याचं नाव ऐकलं की तुमचे चेहरे पडतात, कारण तुम्ही इंग्रजीचं पुस्तक उघडताना मराठीचं डोकं बाहेर ठेवून येता.

मान्य आहे, इंग्रजीत तो पटकन नजरेला पडत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्यासाठी क्रियापदाला वेगळे प्रत्यय होते. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही रूपं एकच झाली. 'आय गो', 'यू गो', 'दे गो' यांत बातमी आणि इच्छा सारख्याच दिसतात. फरक दिसतो तो तीनच ठिकाणी. ही, शी, इट यांच्यापुढे एस गळतो: 'दॅट ही गो'. अ‍ॅम, इज, आर या तिघांच्या जागी नुसतं 'बी' येतं: 'दॅट द फी बी रिड्यूस्ड'. आणि न घडलेल्या कल्पनेत आय, ही, शी, इट यांच्यापुढेही 'वेअर' येतं: 'इफ आय वेअर यू'. एवढाच पसारा आहे. तीन जागा लक्षात ठेवायच्या होत्या.

'पण मॅडम, एका एसने काय बिघडतं? समजणाऱ्याला समजतं.' हे वाक्य मी या वर्गात परत ऐकणार नाही. काय बिघडतं ते पाहा. 'द डॉक्टर इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स द मेडिसिन.' डॉक्टर ठामपणे सांगतायत की पेशंट औषध घेतो. कुणीतरी शंका घेतली आहे आणि डॉक्टर ती खोडून काढतायत. 'द डॉक्टर इन्सिस्ट्स दॅट ही टेक द मेडिसिन.' डॉक्टरांचा आग्रह आहे की त्याने औषध घ्यावं. म्हणजे बहुधा तो घेत नाहीये. एक एस काढला आणि पेशंटची अवस्था उलटी झाली. 'इट इज इम्पॉर्टंट दॅट शी हॅज अ डिग्री' म्हणजे तिच्याकडे पदवी आहे आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'हॅज'च्या जागी 'हॅव' लिहा, म्हणजे तिच्याकडे पदवी असायला हवी, आज आहे की नाही ते माहीत नाही. नोकरीसाठी तुम्ही एखाद्या मुलीचं शिफारसपत्र लिहायला बसलात आणि इथे घसरलात, तर नुकसान तुमचं होणार नाही, तिचं होईल.

'सजेस्ट'चंही तेच. 'हिज लेटर सजेस्ट्स दॅट ही इज अनवेल', इथे 'इज'च हवं, कारण पत्रावरून तो आजारी असल्याचं दिसतंय, कुणी त्याला आजारी पडायला सांगत नाहीये. 'आय सजेस्ट दॅट ही बी एक्झामिन्ड', इथे 'बी' हवं, कारण त्याला तपासावं असं मी सुचवते आहे. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी 'सजेस्ट दिसलं की एस काढायचा' अशी चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवली आहे, मी पाहिली. फाडून टाका. शब्द पाहून रूप ठरत नाही. त्या शब्दाने तुम्ही काय म्हणताय यावरून ठरतं.

आणि मोबाइल दुरुस्त करून देईल, या भरवशावर तर मुळीच राहू नका. 'टेक्स' आणि 'टेक' ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. त्यातलं तुम्हाला कोणतं म्हणायचं होतं, हे मोबाइलला कुठून कळणार?

मागच्या बाकावरून कुणीतरी फाउलरचं नाव घेतलं. वाचन केलंत, चांगली गोष्ट आहे, पण अर्ध्यावर सोडलंत. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 सालच्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज'मध्ये सब्जंक्टिव्ह काही ठरावीक उपयोग सोडले तर मरणपंथाला लागला आहे, असं मत दिलं होतं. ते इंग्लंडातल्या लेखनाबद्दल बोलत होते. अमेरिकेत शिफारस, मागणी, ठराव यांमधला सब्जंक्टिव्ह धडधाकट होता, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तिथून परत ब्रिटिश लेखनात शिरला. 1961 साली छापलेल्या मजकुरांचे प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे दोन संग्रह आहेत, अमेरिकन इंग्रजीचा ब्राउन आणि ब्रिटिश इंग्रजीचा लॉब. अभ्यासकांनी ते शेजारी ठेवून पाहिले. अमेरिकन लेखक 'दॅट ही गो' लिहितात, ब्रिटिश लेखक बहुतेक वेळा 'दॅट ही शुड गो' लिहितात, असं त्यांतून दिसलं. म्हणजे ब्रिटिशांनी इच्छा आणि बातमी यांतला फरक टाकून दिला नव्हता, तो दाखवायला 'शुड' घेतलं होतं. आपल्याकडे इंग्रजी ब्रिटिशांच्या वाटेने आलं, म्हणून आपल्या जुन्या अर्जांत आणि ठरावांत हे 'शुड' सगळीकडे दिसतं. तुम्ही 'शुड' लिहा, मी एक मार्कही कापणार नाही. इंग्लंडात बोलताना काही लोक मागणीच्या अर्थानेही 'टेक्स' म्हणून जातात, हेही मला माहीत आहे. तिथे ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. तुमच्या ठरावाच्या कागदाशेजारी संदर्भ सांगायला कुणी उभं राहणार नाही. आणि 'शुड गोज' लिहिणाऱ्यांनी कोणाचाच आधार शोधू नये. ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चूकच आहे.

मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की तुमचा आणखी गोंधळ उडतो. 'द पेरेंट्स डिमांडेड दॅट द बस वेंट बाय द ओल्ड रोड.' का? 'डिमांडेड' मागे आहे म्हणून पुढचंही मागे ओढलंत? मराठीत 'बस जुन्या रस्त्याने जावी अशी पालकांनी मागणी केली' म्हणताना 'जावी' बदलते का? इंग्रजीतही 'गो' बदलत नाही. नकारात तर कुणी धडपणे उभंच राहिलं नाही. 'दॅट ही डझ नॉट गो' लिहिलंत, 'दॅट ही डोन्ट गो' लिहिलंत. 'दॅट ही नॉट गो.' 'दॅट द फी नॉट बी रेज्ड.' 'नॉट' थेट क्रियापदाच्या आधी, मध्ये 'डू'ची मदत नाही. कानाला विचित्र वाटतं कारण कानाने ते ऐकलेलं नाही, आणि ऐकलेलं नाही कारण तुम्ही गाइडच्या बाहेरचं इंग्रजी वाचत नाही.

'आय सजेस्टेड हिम टु गो' याचा उगम सगळ्यांना माहीत आहे: 'मी त्याला जायला सुचवलं.' इंग्रजीत 'सजेस्ट' असा माणूस थेट अंगावर घेत नाही. 'आय सजेस्टेड दॅट ही गो.' जिथे हे 'दॅट' आणि त्यापुढचं उघडं क्रियापद हवं, तिथे ते तुमच्याजवळ नसतं, म्हणून तुम्ही 'हिम टु'ची कुबडी घेता.

आता जर-तरकडे या. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे तुमची मराठी तुम्हाला फसवते, आणि पुढे तुमच्या विद्यार्थ्यांनाही फसवणार आहे. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' दोन्ही बाजूंना 'असतं'. मराठीत जे घडलं नाही त्याची खूण जर आणि तर या दोन्ही भागांवर सारखीच उमटते. म्हणून तुम्ही लिहिता, 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव कम.' इंग्रजी ही खूण दोन भागांत वेगवेगळी करते. 'इफ'च्या भागात 'हॅड रेन्ड', पुढच्या भागात 'वुड हॅव'. 'इफ'च्या घरात 'वुड हॅव' न्यायचं नाही. ही चूक वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गात होते आणि प्रत्येक शिक्षक तिच्यावर नुसती लाल फुली मारतो. फुलीने ती जाणार नाही. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा, दोन्हीकडचे 'असतं' मुलांना दाखवा, मग इंग्रजीकडे वळा. मुलाला चुकीचं मूळ दिसलं पाहिजे.

दुसरी फसगत याहून कठीण आहे. 'तो आला तर मी जाईन.' तो अजून आलेला नाही, उद्या येईल किंवा येणार नाही, तरी मराठीत क्रियापद 'आला' असं भूतकाळी दिसतं. त्यामुळे तुम्ही 'इफ ही केम, आय विल गो' लिहिता. उघड्या शक्यतेसाठी इंग्रजीत साधा वर्तमान हवा: 'इफ ही कम्स, आय विल गो.' 'इफ ही केम' म्हटलं की वक्त्याला ती शक्यता फारशी खरी वाटत नाही आणि पुढे 'आय वुड गो' यायला लागतं. म्हणजे जे रूप मराठीत दार उघडं ठेवतं, तेच इंग्रजीत ते जवळजवळ लावून घेतं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर तो दोष तुमच्या शिक्षकांचा. पण आता तुम्ही शिक्षक होणार आहात, म्हणजे ही तक्रार करायचा तुमचा हक्क संपला.

'विश' आणि 'होप'मध्येही हीच गफलत. 'आय विश यू विल पास.' परीक्षा व्हायची आहे, मूल पास होऊ शकतं, तिथे 'होप' लिहा. जे नाही त्याची हळहळ वाटते तेव्हा 'विश', आणि मग पुढे 'आय विश आय वेअर टॉलर'. 'इट इज टाइम ही वेंट होम' हेही याच घराण्यातलं. त्याची दोन उदाहरणं लिहून काढा, फार शिकवण्यासारखं त्यात नाही.

आणि आता ज्यांचे पेपर वरवर पाहता सगळ्यांत चांगले वाटत होते, त्या चार-पाच जणांनी ऐकावं. तुमचा मला जास्त राग आला आहे. तुम्हाला 'वेअर' माहीत आहे. ते माहीत असल्याचं दाखवायची हौसही आहे. म्हणून भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं तुम्ही ते पानभर भुरभुरलं आहे. 'इफ ही वेअर रूड टु यू यस्टर्डे, आय अपॉलोजाइझ.' तो काल उद्धट वागला असण्याची शक्यता खरी आहे, त्यासाठीच तर तुम्ही माफी मागताय. तिथे 'वॉज' हवं. 'आय आस्क्ड इफ शी वेअर अ‍ॅट होम.' हा नुसता प्रश्न आहे, ती घरी आहे की नाही एवढाच. 'वॉज' हवं. एकाने तर 'व्हेन आय वेअर अ चाइल्ड' लिहिलं आहे. तू लहान होतास ही कल्पना आहे का? ज्याला नियम माहीत नाही तो विचारून शिकतो. ज्याने विद्वत्ता दाखवायला नियम पांघरला आहे तो विचारत नाही, आणि त्याचे विद्यार्थी तीच चूक प्रतिष्ठित समजून उचलतात.

या प्रकाराचं मूळ रिकाम्या जागा भरण्यात आहे. 'अ‍ॅज इफ' दिसलं की 'वेअर', 'विश' दिसलं की 'वेअर', 'लेस्ट' दिसलं की 'शुड', एक मार्क खिशात. मग आभाळ भरून आलेलं समोर दिसतंय आणि 'इट लुक्स अ‍ॅज इफ इट इज गोइंग टु रेन' हे वाक्य तुमच्यापैकी एकाने चूक म्हणून खोडलं! पाऊस येणार असं खरंच दिसतंय, मग 'इज'च बरोबर. 'ही टॉक्स अ‍ॅज इफ ही वेअर द ओनर', इथे तो मालक नाही, म्हणून 'वेअर'. 'लेस्ट'चीही तीच गत. 'रन फास्ट लेस्ट यू शुड नॉट मिस द ट्रेन' लिहिणाऱ्याने गाडी चुकवायलाच पळायला सांगितलं आहे. 'लेस्ट'च्या पोटातच नकार आहे. वर आणखी 'नॉट' कशाला? 'लेस्ट यू मिस' लिहा, 'लेस्ट यू शुड मिस' लिहा, दोन्ही चालतं.

ठरलेल्या वाक्प्रयोगांबद्दल मी बोलणारच नव्हते. पण फलकलेखनाच्या सरावात एकीने 'मे गॉड ब्लेसेस यू' लिहिलं, दुसऱ्याने 'कम्स व्हॉट मे'. 'गॉड ब्लेस यू' ही देवाबद्दलची बातमी नाही आणि देवाला केलेली आज्ञाही नाही, ती प्रार्थना आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडची राणी गेली, राजा आला, राष्ट्रगीतातल्या 'क्वीन'चा 'किंग' झाला. त्याआधीचं 'सेव्ह' एसशिवायच होतं, एसशिवायच राहिलं. आणि हे रूप तुम्हाला परकं का वाटावं? वाढदिवसाच्या फलकावर 'दीर्घायुष्य लाभो' लिहिता, 'लाभतं' लिहीत नाही. 'देव तुझं भलं करो' म्हणता. ज्ञानेश्वरांचं 1290 सालचं पसायदान कितीतरी शाळांच्या प्रार्थनेत म्हटलं जातं. त्यातल्या ओळींचे शेवट मनात म्हणून पाहा आणि किती क्रियापदं 'ओ'वर थांबतात ते मोजा. इतकी जिवंत इच्छा रोज तोंडी असताना इंग्रजीतली इच्छा तुम्हाला मेलेली वाटते, हे मला पटत नाही.

पाठ-टाचणांबद्दलही बोलायला हवं. 'विद्यार्थी सब्जंक्टिव्ह मूडची व्याख्या सांगतात' असं उद्दिष्ट लिहून काही जणांनी व्याख्या फळ्यावर उतरवली, मुलांकडून दोनदा म्हणवून घेतली आणि मूल्यमापनात तीच विचारली. मी मागे बसून पाहत होते. समोरच्या आठवीच्या मुलांना त्या तासात एकही वाक्य स्वतःचं करता आलं नाही. व्याख्या पुसा. मुलांना विचारा: शाळेत काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? मुलं सांगतील. ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडं राहावं. मैदानावरचे दगड काढावेत. बाईंनी निबंध परत द्यावेत. ती वाक्यं मराठीत फळ्यावर घ्या, 'वं' आणि 'वेत' यांच्याखाली रेघ मारा. मग 'वुई रिक्वेस्ट दॅट द लायब्ररी बी ओपन'. तिथे 'बी' का आलं हे मुलंच तुम्हाला सांगतील, आणि या वाक्यांचं खरंखुरं पत्र मुख्याध्यापकांकडे जाऊ द्या.

आता काम. तोच ठराव उद्या परत लिहून आणायचा, सगळ्यांनी, चांगले मार्क मिळालेल्यांनीही. प्रत्येक ठरावाखाली त्याचं मराठी वाक्य हवं. त्याशिवाय 'इन्सिस्ट', 'सजेस्ट' आणि 'इम्पॉर्टंट' यांच्या प्रत्येकी दोन वाक्यांच्या जोड्या, एक बातमीची, एक अपेक्षेची, तुमच्या स्वतःच्या गावातल्या, घरातल्या गोष्टींवर. डॉक्टर आणि औषध पुन्हा आणू नका, ते माझं उदाहरण आहे. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचं आहे. ग्रंथालयात आहे, धूळ खात पडलं आहे. क्रियापदाच्या अर्थांबद्दल त्यात काय म्हटलं आहे ते वाचून या, मी तोंडी विचारणार आहे. वह्या पहिल्या तासाला माझ्या टेबलावर. ज्याची वही नसेल त्याने या आठवड्यात पाठ घ्यायला वर्गात जाऊ नये.